घरकुलाचा दुसरा हप्ता अडला असेल तर आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की आईच्या नावावर प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) घरकुल मंजूर झालं, पहिले १५ हजार आले, उसनवारी करून जोतं पूर्ण केलं आणि आता दुसरा हप्ता येतच नाही. तालुक्याच्या पंचायत समितीत विचारलं तर ‘वरून निधी नाही’. हेच वाक्य आमच्या घरात अख्खा पावसाळा ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

यादीत नाव, रोजगार हमीचं जॉब कार्ड, नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरजागेचा उतारा) हे तुमचं झालेलंच असणार, त्यावर बोलत नाही.

‘निधी नाही’ या तोंडी उत्तरावर थांबू नका. आमच्या वेळी निधी होता. जोत्याचा फोटो जिओ-टॅग होऊन (म्हणजे जागेच्या नोंदीसह) संकेतस्थळावर चढला होता, हप्त्याचा आदेशही निघाला होता. पण वडिलांचं खातं असलेली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला आणि पैसे परत गेले. हे पंचायत समितीच्या संगणकावर दिसत होतं, नाकारलेल्या रकमांत नाव होतं. टेबलावरच्या माणसाने बघायची तसदी घेतली नाही. वडील दिवसाची मजुरी बुडवून जायचे आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत यायचे. इकडे खांबांच्या सळ्या उघड्यावर. गंज चढू नये म्हणून आईने सिमेंटची रिकामी पोती गुंडाळून सुतळीने घट्ट बांधली, तरी बुडाशी पाणी साचायचं तिथे पापुद्रे सुटलेच. गवंडी दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच, आणि नवा आला त्याने मजुरी वाढवून मागितली. ही भरपाई कोण देणार? याचा मला आजही राग येतो.

तेव्हा आधी मंजुरीपत्रावरचा नोंदणी क्रमांक घ्या आणि योजनेच्या संकेतस्थळावर आईची माहिती उघडा. हप्त्याचा आदेश निघालाय का, निघाला असेल तर पैसे जमा झाले की नाकारले गेले, ते बघा. आदेशच नसेल तर अडचण फोटोत किंवा तपासणीत आहे, गृहनिर्माण अभियंत्याला गाठा. नाकारला असेल तर बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारा. आईचं दुसरं एखादं जुनं खातं असेल तर पैसे तिकडेही गेलेले असू शकतात. मग गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला न दिला सारखाच, हे माझं ठाम मत.

मी अधिकारी नाही, नियम बदलत असतात. रमाई किंवा शबरी आवास या राज्याच्या योजनांमधलं घर असेल तर पद्धत थोडी वेगळी असू शकते, ते विचारून घ्या.

सरकारने २०२४ मध्ये ग्रामीण भागात आणखी २ कोटी घरं बांधायचं ठरवलं, ते चांगलंच आहे. पण सगळा जोर मंजुरीपत्रं वाटण्यावर दिसतो. घर १२ महिन्यांत पूर्ण करा असं लाभार्थ्याला बजावतात, मग हप्ता किती दिवसांत द्यायचा हेही तितक्याच कडकपणे कार्यालयांना बजावायला हवं. या योजनेचे १ लाख २० हजार २०१६ पासून तेच आहेत. सिमेंट-सळईचे भाव तिथेच थांबले का?

जाता जाता दोन गोष्टी. घरकुलासाठी रोजगार हमीतून मिळणाऱ्या ९० दिवसांच्या मजुरीचं मस्टर (हजेरीपत्रक) काम चालू असतानाच काढायला लावा. स्लॅब टाकून झाल्यावर मागायला गेलात तर कुणी दाद देत नाही. आणि घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते, त्यासाठी तहसीलमध्ये लगेच विचारा. परवाना मिळाला तरी वाहतुकीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो, पण शेजारच्या दोन-तीन घरकुलांनी मिळून ट्रॅक्टर केला तर तो खर्च बराच कमी येतो.