एसएनके ही जपानी गेम कंपनी पायरसीमुळे बुडाली का? आणि तिचा 'केओएफ 97' (किंग ऑफ फायटर्स, मारामारीचा गेम) आता कुठे खेळता येईल?

पायरसीमुळे? अजिबात नाही. डुप्लिकेट बोर्ड आपल्याकडे सर्रास चालायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एसएनकेला खड्ड्यात घातलं ते तिच्याच कारभाराने.

नाशिकला माझ्या मामाचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. कॉलेज सुटलं की गल्ल्यावर मी. आमची सगळी कमाई एसएनकेच्या एमव्हीएसवर. 1990 साली आलेली ही सिस्टीम म्हणजे पार्लरवाल्यांसाठी वरदान होती. मदरबोर्ड तोच, मॉनिटर तोच, जॉयस्टिक तीच. पोरांना नवा गेम हवा झाला की फक्त कॅसेट बदलायची. कॅसेट चांगली जाडजूड, आत दोन प्लेटा. चित्र फाटायला लागलं की मामा ती काढून खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायचा, परत दाबून बसवायचा आणि गेम चालू. 'केओएफ 97' लागला तेव्हा पोरं नंबर लावायला काचेपाशी रुपयाची नाणी ओळीने मांडून ठेवायची. त्यातला इओरी हा फायटर घेतला म्हणून भांडणं व्हायची.

मामाच्या भागीदाराला मात्र सीट आणि स्टेअरिंगवालं मोठं रेसिंग मशीन हवं होतं. 'टूडीचा जमाना गेला' हे त्याचं पालुपद. मामा सांगून थकला, की त्याच पैशात कॅसेटी घे, मशीन आहे तेच धावतंय. शेवटी कर्ज काढून ते धूड आलंच. थोड्याच दिवसांत मॉनिटर गेला, स्पेअर कुठे मिळेना, हप्ते मात्र चालू. पार्लर बंद पडलं. आणि नातेवाइकांत आजही बोलतात काय, तर मामा काळाबरोबर बदलला नाही!

एसएनकेने हेच केलं. 1978 साली एइकिची कावासाकींनी ओसाकात उभी केलेली कंपनी. 'स्ट्रीट फायटर' घडवणारे ताकाशी निशियामा कॅपकॉम ही दुसरी गेम कंपनी सोडून इकडे आले, त्यातून 1991चा 'फेटल फ्युरी' झाला. 'सामुराई शोडाऊन', मग 1994पासून केओएफ. हातात सोनं होतं. मग 1994लाच निओ जिओ सीडी हे घरी सीडीवर खेळायचं मशीन काढलं, त्याला सर्वात हळू चालणारा सिंगल स्पीड ड्राइव्ह; दर फाइटआधी लोडिंग बघत बसा. 1997ला थ्रीडीच्या मागे लागून हायपर निओ जिओ 64 हे नवं पार्लरचं मशीन आणलं, त्यावर जेमतेम सात गेम आले आणि 1999ला गाशा गुंडाळला. 1998च्या ऑक्टोबरात हातात धरून खेळायचा ब्लॅक अँड व्हाइट हँडहेल्ड काढला, पुढच्या मार्चमध्ये त्याचाच कलर. आदल्या वर्षी घेणाऱ्याने काय करायचं? वर तोक्योत अम्युझमेंट पार्क. जानेवारी 2000मध्ये पाचिस्लोची (जपानी जुगाराची) मशीनं बनवणाऱ्या अरूझ कंपनीने कंपनी ताब्यात घेतली आणि ऑक्टोबर 2001मध्ये दिवाळं वाजलं. कावासाकींनी त्याआधीच प्लेमोर नावाची वेगळी कंपनी काढली होती, तिने नंतर गेमचे हक्क परत मिळवले.

आता हे नीट वाचा: 1990च्या त्याच जुन्या एमव्हीएसवर 2004पर्यंत अधिकृत गेम येत होते. म्हणजे 'जुना' म्हणून हिणवलेला बोर्ड मूळ कंपनीपेक्षा जास्त जगला. 'मेटल स्लग'सारखा गेम त्यावरच चालायचा. मग काळाबरोबर बदलायचं म्हणजे नेमकं काय, हे मामाला शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावं.

हो, प्लेस्टेशन घराघरांत गेल्यावर जपानमधलीही आर्केड ओस पडायला लागली होती, तो मार सगळ्यांनाच बसला. नुसत्या कॅसेटींवर एसएनके जन्मभर तरली असती असं मी म्हणत नाही. 2022मध्ये तिचे 96 टक्के शेअर सौदीच्या मिस्क फाउंडेशनच्या कंपनीकडे गेले.

'केओएफ 97' स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो, घ्या. खरा एमव्हीएस बोर्ड कुठे सापडला तर चालू करायच्या आधी त्यावरची बॅटरी काढा. ती गळते आणि बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते. मामाने वेळेत काढली होती, त्यामुळे आमचा मदरबोर्ड अजून चालतो. रेसिंगवालं मशीन भंगारात किलोच्या भावाने गेलं, हेही त्या भागीदाराने एकदा चारचौघांत कबूल करावं.