इंदुरात दारू सोडू पाहणाऱ्यांचा आधारगट कसा शोधावा?

आपल्या थोरल्या भावासाठी इंदुरात आधारगट हवा आहे, असे आपण विचारले आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना असून तिच्या सभांना शुल्क नसते, आडनाव विचारले जात नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट असते. जवळच्या सभेचा दिवस व जागा तिच्या भारतीय संकेतस्थळावर पाहावी, किंवा केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडून जिवावरही बेतू शकते. म्हणून आधी महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे आणि गट त्या उपचारांच्या जोडीला ठेवावा. सभा बहुधा हिंदीत चालतात, पण इंदूरच्या मराठी माणसाला त्याची अडचण नसावी. वहिनींसाठी अल-अॅनॉन हा कुटुंबीयांचा वेगळा गट असतो. भाऊ तयार नसला तरी त्यांना तेथे जाता येते.