शेळ्या तुमच्या, पण चरतात कोणाच्या कलमात?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही देवगड तालुक्यातले, घरच्या ३५ कोकण कन्याळ शेळ्या आहेत, शिमग्याला नि बकरी ईदला बोकड मुंबईपर्यंत जातात. भाच्याने अमेरिकेतल्या एका छोट्या शेतकऱ्याचा व्हिडिओ बघितला, तो कुरणावर वाढवलेलं ऑरगॅनिक बीफ डबल रेटने विकतो, तेव्हापासून मागे लागलाय की मामा आपणही मटणाच्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' छापूया. विकतचं खाद्य आम्ही जवळजवळ घालतच नाही, शेळ्या सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) आणि शेजाऱ्याच्या हापूसच्या कलमात चरतात. छापलं तर चालेल ना?

उत्तर : मामा, एवढ्यात छापू नका. आपल्याकडे गाय कापायला आधीपासूनच आणि बैल, वळू कापायला २०१५ पासून बंदी आहे त्यामुळे बीफचं सोडा, पण त्या व्हिडिओतली खरी गोष्ट भाच्याने सांगितलीच नाही वाटतं. तिकडे ऑरगॅनिक म्हणायचं तर जनावर वर्षाला किमान १२० दिवस कुरणावर चरलं पाहिजे आणि त्या कुरणात आधीची ३ वर्षं बंदी असलेलं कुठलंच औषध, खत पडलेलं नको. म्हणजे जनावराच्या आधी जमीन तपासतात.

आणि तुमचं घोडं नेमकं तिथेच अडतंय. शेजारी खूश असणार, गवत काढायची मजुरी वाचते ना! पण कलमाच्या मुळाशी पावसात कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणूनचं रसायन, ओततात, ते मातीत बराच काळ राहतं, मग मोहोर आला की फवारण्यांवर फवारण्या, आणि ते सगळं खालच्या गवतावर पडतं जे तुमची शेळी खाते. खाद्य विकतचं नाही म्हणून ऑरगॅनिक, असं नसतं हो.

आपल्याकडे ऑरगॅनिक खाद्यपदार्थांचे नियम २०१७ चे आहेत, लेबलवर ऑरगॅनिक लिहायचं तर एनपीओपी (केंद्राचा सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची हमी द्यायची पद्धत) सर्टिफिकेट लागतं. उलाढाल १२ लाखांच्या आत असेल आणि गिऱ्हाइकाला थेट विकत असाल तर त्यातून सूट आहे, पण जैविक भारतचा, म्हणजे ऑरगॅनिक मालावरचा सरकारी, लोगो तरीही लावता येत नाही. पीजीएस स्वस्तात पडतं, किमान ५ शेतकऱ्यांचा गट करायचा नि एकमेकांची तपासणी करायची. वाडीत ५ जण एका मताचे मिळाले तर मला कळवा, पेढे पाठवते.

तोवर कलमात सोडणं बंद करा आणि सड्याचे ४ भाग पाडून आळीपाळीने चारा. पहिल्या पावसात कोंब वर येतायत तोच शेळ्या सोडल्या तर कातळावरची ती वीतभर माती पण धुवून जाते, तेवढे दिवस गोठ्यात फणसाचा पाला घाला. आणि नवीन गवत लवकर फुटावं म्हणून उन्हाळ्यात सडा पेटवतात ना, ते तुमच्याकडे कोणी करत असेल तर आधी थांबवा. जंताचं औषध कधी, कुठल्या शेळीला दिलं ते वहीत लिहा, गटाची तपासणी आली की पहिली तीच मागतील. पाकिटावर सध्या 'सड्यावर चरलेला कन्याळ बोकड' एवढंच छापा, पण तेही कलमातलं चरणं खरंच बंद झाल्यावर.