बेळगावातून बी.आर्क. झाल्यावर सर्क्युलर सिटी या विषयात मास्टर्स कुठे करावं?

प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात, "बेळगावसारख्या गावात असल्या विषयाला वाव नाही, म्हणून जर्मनी की अहमदाबाद तेवढं सांगा." जर्मनीचं खाली सांगतो. आधी त्या वाव नसण्याबद्दल, कारण ते मला पटलेलं नाही. सर्क्युलर सिटी म्हणजे पाडलेल्या घराचं साहित्य फेकून न देता पुन्हा वापरात आणणारं शहर.

बेळगावच्याच शहापूर भागातलं मंगलोरी कौलांचं एक जुनं घर उतरवताना मी बघितलंय. घर बांधलं त्याच्या उलट्या क्रमानं सुटतं: कोनं (माथ्यावरची कौलं), कौलं, रीपा, वासे, आढं, मग खांब आणि भिंती. छपराच्या एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं, म्हणजे 100 चौरस मीटरला दीड हजार. ती हातोहात खाली द्यायची आणि टिचकी मारून निवडायची. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते काढायचं. मागची खाच तुटली असेल तर कितीही खणखणीत वाजलं तरी बाद, कारण ते रीपेवर अडकत नाही. रचताना कौलं उभी ठेवायची. आडवे थर लावले की खालची फुटतात.

सागवानात दोन अडचणी येतात. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक ओल आणि वाळवीनं गेलेलं असतं, ते निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून टाकायचं. दुसरी अडचण डोकं तुटलेल्या खिळ्यांची. ते दिसत नाहीत आणि सॉ मिलमध्ये पात्याचे दात घालवतात. म्हणून वखारवाले जुनं सागवान जळणाच्या भावानं मागतात. हातातला मेटल डिटेक्टर फिरवून खडूनं खुणा केल्या आणि खिळे उपसून मगच लाकूड नेलं, तर भावाचं बोलणं बदलतं.

भिंतीत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा (घडवलेला दगड) पहारीनं अख्खा निघतो. त्याच भिंतीत नंतर कुणी सिमेंटनं डागडुजी केली असेल, तिथं मसाला चिऱ्यापेक्षा कडक असतो. ओढलं की सांधा तसाच राहतो आणि चिरा फुटतो. पुढं सुटेल असा सांधा कसा करायचा, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो शहापुरात भिंतीसमोर उभं राहून कळतो.

आता स्लॅबचं घर घ्या. 100 चौरस मीटर, 125 मिलिमीटर जाडी: साडेबारा घनमीटर, म्हणजे नुसता स्लॅब 31 टनांच्या आसपास. जेसीबीनं एकदम पाडलं की त्यात विटा, टाइल्स, पीओपी, प्लास्टिक सगळं कालवतं. पीओपीतलं सल्फेट नव्या सिमेंटशी भांडतं, काँक्रीट फुगून तडे जातात. म्हणून तो ढीग शेवटी भरावालाच जातो, आणि आपल्याकडं भराव म्हटलं की नाल्याकाठची शेतं. पीओपी, लाकूड आणि टाइल्स आधी वेगळे काढले तर काँक्रीटची खडी करता येते. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये (आरसीसी) एम 25 या ताकदीच्या प्रतीपर्यंत 20 टक्के चालते. तिला चिकटलेला जुना मसाला पाणी पितो, म्हणून आधी भिजवून घ्यावी लागते, नाहीतर माल ओतेपर्यंत घट्ट होतो.

कायद्यातली फट इथंच आहे. बांधकामाच्या मलब्यासाठीच्या केंद्राच्या 2016 च्या नियमांत मलब्याचं वर्गीकरण करून आराखडा द्यायची सक्ती दिवसाला 20 टन किंवा प्रकल्पाला महिन्यात 300 टनांच्या वर मलबा काढणाऱ्यांवर होती. 2025 च्या नव्या नियमांत उत्पादकाची वाढीव जबाबदारी (मलबा करणाऱ्यानंच त्याच्या पुनर्वापराची सोय बघायची) 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर टाकलीय. आपल्या गल्लीतलं घर थोडं थोडं करून पाडलं तर दोन्हींतून सुटतं. जुनी गावं मात्र एकेक घर करतच पडतात.

प्रबंधाला मार्गदर्शक म्हणतात, "छोट्या शहराचा डेटा नाही, बंगळूर किंवा मुंबई घे." या वाक्यानं किती चांगले विषय मेलेत. छोट्या शहराची हद्द हातात मावते, हा तर फायदा आहे. घरांचे काळानुसार आणि बांधणीनुसार प्रकार पाडा, प्रत्येक प्रकारातली काही घरं टेपनं मोजा, आयएस 875 या मानकाच्या पहिल्या भागातली बांधकाम साहित्याची वजनं लावा, चौरस मीटरला किती किलो ते काढा आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या क्षेत्रफळाला मजल्यांसकट गुणा, म्हणजे शहरात किती साहित्य साठलंय ते कळतं. साहित्याची आवक, जावक, साठा मांडायला व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाचं स्टॅन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

घरं नको असतील तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रींची (ओतशाळांची) साच्यांसाठी वापरलेली वाळू घ्या. ग्रीन सँड या ओल्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, त्या बारीक कणांनी काँक्रीटला पाणी जास्त लागतं आणि ताकद घटते. रेझिननं घट्ट केलेल्या वाळूतून फिनॉल हे घातक रसायन झिरपू शकतं, म्हणून लीचिंग (पाण्यात काय झिरपतं ती) चाचणी केल्याशिवाय तिचे फरसबंदीचे पेव्हर ब्लॉक करू नयेत. दोन्ही वाळू एकाच ढिगात पडल्या की चाचणीलाही अर्थ राहत नाही. प्रबंधाला याहून चांगला विषय कुठला हवा?

आता कॉलेजं. भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे, एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि एनआयटींसाठी गेट परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर आणि पुढं सीसीएमटी हे केंद्रीय समुपदेशन. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी विद्यापीठातला रीप (रिसोर्स एफिशियन्सी इन आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग) हा चार सेमिस्टरचा इंग्रजी अभ्यासक्रम तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा. स्वीडनमध्ये लुंडचा सस्टेनेबल अर्बन डिझाइन दोन वर्षांचा, पण आपल्याला फी भरावी लागते. आकडेमोडीची आवड असेल तर नेदरलँड्समधला लायडन आणि डेल्फ्टचा संयुक्त इंडस्ट्रियल इकॉलॉजी बघा. माझं स्पष्ट मत, स्टुडिओत नुसती हिरवी रेंडर्स करवून घेणाऱ्या अभ्यासक्रमावर पैसे घालू नका. विषयांच्या यादीत मटेरियल फ्लो अॅनालिसिस (साहित्याच्या आवक-जावकीचा हिशेब) किंवा लाइफ सायकल असेसमेंट (वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंतच्या पर्यावरणीय परिणामाचा हिशेब) नसेल तर नावात सर्क्युलर असून उपयोग नाही.

जर्मनीला एपीएस (तुमच्या पदवीची कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र लागतं, ते आधी करायला घ्या. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम 2024 च्या सप्टेंबरपासून 11,904 युरो आहे, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. नगर नियोजकाच्या सरकारी नोकरीवर डोळा असेल तर वरचं बरंचसं सोडून एम.प्लॅन. (नियोजनातली मास्टर्स) करा, कारण त्या जाहिरातींत बहुधा प्लॅनिंगचीच पदवी मागतात.

आणि कानडी वाचता येत नसेल तर निघण्याआधी शिकून घ्या. महापालिकेचे उतारे आणि परवाने कानडीत आहेत, ते दुसऱ्याकडून वाचून घेत बसलात तर एका गल्लीचं काम संपायचं नाही.