मशीनची शिट्टी आणि सहाव्या वर्षाची शाळा

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. बेरा तपासणीत (कानाची नस आवाजाला कसा प्रतिसाद देते ते बघतात) दोन्ही कानांना अतितीव्र श्रवणदोष निघाला. चार महिन्यांपूर्वी ऐकायचं मशीन बसवलं, पण सारखी शिट्टी वाजते आणि तो उपटून फेकतो. आम्ही घरात तेलुगू बोलतो, खालीच यंत्रमाग. सासूबाई म्हणतात, सहावं लागलं की कर्णबधिर शाळेत घालू. काय करावं?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, शाळेचं बघूच, आधी शिट्टी. मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, बोटाने हलकेच दाबा. शिट्टी थांबली तर मोल्ड सैल झालाय. या वयात कान भराभर वाढतो. दर तीन-चार महिन्यांनी नवं माप द्यावंच लागतं. दाबूनही वाजत असेल तर मशीन काढा आणि मोल्डचं भोक अंगठ्याने बंद करा. तरी वाजली तर मोल्डला मशीनशी जोडणारी नळी चिरलीय किंवा मशीन बिघडलंय. गप्प झाली तर कानात मळ आहे का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. शिट्टी नको म्हणून आवाज कमी करू नका. मग ऐकू काहीच येत नाही, कानात नुसता बोळा. पोरगं फेकणार नाही तर काय!

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने नळीत पाणी साठतं. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, उन्हात वाळवू नका. जुने सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तडक दवाखाना.

रोज सकाळी त्याच्या मागे बसा, तोंडापुढे वही धरा (मानेवर फुंकर लागली तर तो कानाने नाही, कातडीने ओळखेल) आणि आ, ई, ऊ, म, श, स म्हणा. आवाज आला की त्याने एक मणी वाटीत टाकायचा. शिकायला पंधरा दिवस लागतील, लागू देत. एखादाच आवाज सारखा चुकत असेल तर लिहून ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) दाखवा.

मशीन मागाचा खडखडाटही मोठा करतं. म्हणून माग बंद असताना, हातभर अंतरावरून बोला. आणि तेलुगूतच बोला. ओढूनताणून बोललेल्या मराठीपेक्षा ते कितीतरी बरं.

शाळेचा पूर्व-प्राथमिक वर्ग आताच बघून या. वर्गाआधी मशीनं तपासतात का? मुलं बाईंसमोर अर्धवर्तुळात बसतात का? आईला वर्गात बसू देतात का? याला नकार आला तर दुसरी शाळा शोधा.

नीट बसलेल्या मशीननेही काही महिन्यांत फरक दिसला नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) विचारा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात श्रवणदोषाच्या मुलांसाठी वयाची अट १ ते ५ वर्षं आहे. सासूबाईंना एवढं एक नक्की सांगा.