जीएलडीए घ्या, पण आधी पाइप बघा

ईडीटीए सोडून जीएलडीए घ्यावा का, तो वापरतात कुठे आणि कापडाच्या ब्लीचिंगला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही पाण्यातले धातू धरून ठेवणारी रसायनं. वापराचं पटकन सांगतो. शाम्पूच्या बाटलीमागे ‘टेट्रासोडियम ग्लुटामेट डायअ‍ॅसिटेट’ लिहिलेलं असतं, तो हाच. युरोपात 2017 पासून डिशवॉशरच्या गोळ्यांतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा आली, तेव्हा त्या जागी हा आणि याच जातीचा एमजीडीए घुसले. कच्चा माल मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चायनीजच्या गाडीवरचंच.

पण ब्लीचिंगचं नाव काढलंत आणि इचलकरंजीतला तो लॉट आठवला. मी तिथं एका प्रोसेसला, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात, ब्लीचिंग मास्तर होतो. जिगरवर, म्हणजे कापड रुळांवरून द्रावणात फिरवणाऱ्या यंत्रावर, सुती कापड, 50 टक्क्यांचा पेरॉक्साइड, कॉस्टिक, सिलिकेट, सगळं रोजचंच. धुऊन कापड उजेडाकडे धरलं तर चाळणी! शेठ म्हणाले, “मास्तर, पेरॉक्साइड ओतताना हात सैल सुटला तुमचा.” मी भोकांच्या कडेला आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाकला. निळा डाग उठला. म्हणजे लोखंड. बोअरचं पाणी आणि गंजलेली पाइपलाइन. गंजाचा कण बसतो तिथं पेरॉक्साइड एकदम फुटतो आणि धागाच खातो. शेठनी डाग पाहिला, म्हणाले, “शाई सांडली असेल.” नुकसान माझ्या पगारातून कापलं.

पुढं परदेशी गिऱ्हाइकानं ईडीटीए नको म्हटलं, कारण तो सहजी कुजत नाही, धातू धरून तसाच नदीपर्यंत जातो. त्याच शेठनी जीएलडीएचे ड्रम उतरवले. पाइप मात्र तोच!

माझं मत विचाराल तर ब्लीचिंगच्या आधी कापड आम्लात धुवा आणि जीएलडीए तिथं घाला. आम्लात ईडीटीए खाली बसतो, हा विरघळलेला राहतो, लोखंड काढून नेतो. महाग पडतो, पण फुटलेल्या लॉटपेक्षा स्वस्तच.

हो, एक राहिलं. कडक कॉस्टिकमध्ये लोखंडावर याची पकड ढिली असते. तिथं ईडीटीएही फारसा कामाचा नाही. त्याच जातीचा डीटीपीए बरा, पण तोही लवकर कुजत नाही. आणि डोस माझ्या सांगण्यावर ठरवू नका, पाणी तपासून घ्या.

शेठचे चिरंजीव हे वाचत असतील तर त्या दिवशीचं लॉगबुक काढा. पेरॉक्साइड मापातच होता, माझ्या अक्षरात लिहिलेला आहे.