1882च्या नालासोपाऱ्यात रहस्यकथा रचतोय. उत्खननातून खुन्याचा माग कसा काढू?

वस्तूपेक्षा तिच्याभोवतीच्या मातीला बोलतं करा. कुणी खड्डा खणून बुजवला की थर एकमेकांत मिसळतात. भर भुसभुशीत राहते, त्यात विटांचे तुकडे, कोळसा वेडावाकडा दिसतो. खणलेल्या चराच्या उभ्या भिंतीवर हलकं पाणी शिंपडलं की रंगातला फरक उठून येतो आणि खड्ड्याची कड दिसते. ती कड कुठल्या थरापासून सुरू होते, तेच पाहायचं. अगदी वरून सुरू होत असेल तर आत सातवाहन नाणं असलं तरी खड्डा हल्लीचाच.

फसवा धागा तर सोपाऱ्यानेच दिलाय. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना बुरुड राजाच्या कोटात, म्हणजे तिथल्या बौद्ध स्तूपात, दगडी पेटी सापडली. तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक, सोनं असे एकात एक करंडक (डब्या), सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं दुसऱ्या शतकातलं नाणं आणि भोवती आठ ब्राँझ मूर्ती, त्या मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या! पेटी शेवटची बंद झाली ती सगळ्यात नव्या वस्तूच्या आधी नक्कीच नाही. तुमच्या गुप्तहेराला आधी नाण्यावर अडकू द्या.

कार्बन डेटिंग घालू नका, ते 1940च्या दशकाअखेरचं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ व्हीलरच्या पद्धतीचे चौकोनी खड्डेही भारतात 1944नंतरचे. पावसाळ्यात खणणं तर विसराच.

हेतू हवाय? 1878च्या कायद्याने 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागे. लपवणाऱ्याला धमकावायला एवढं पुरे.